सॉस गार्डनरसाठी दोन फर्स्ट-राउंड पिक: कॉर्नरबॅकचा भाव काढायचा कसा?

तुमचा प्रश्न अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला, थोडक्यात असा. ४ नोव्हेंबर २०२५ला, ट्रेडची मुदत संपायच्या दिवशी, इंडियानापोलिस कोल्ट्सनी न्यूयॉर्क जेट्सकडून कॉर्नरबॅक (रिसिव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, थोपवणारा बचावपटू) सॉस गार्डनर घेतला. बदल्यात २०२६ आणि २०२७चे पहिल्या फेरीचे दोन पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधले नवे खेळाडू वाटून घ्यायच्या फेऱ्यांत, निवडीचा हक्क) दिले, वर रिसिव्हर अडोनाय मिचेल दिला. तुमच्या मित्रांपैकी निम्मे म्हणतात, एका कॉर्नरला दोन फर्स्ट म्हणजे कोल्ट्सना सरळ गंडवलं. उरलेले म्हणतात, पंचविशीतला, दोनदा ऑल-प्रो (हंगामातल्या सर्वोत्तम संघात निवड) झालेला कॉर्नर बाजारात येतोच कुठे? पुढे कोल्ट्सचा हंगाम कोसळला आणि पहिल्या गटाला जोर चढला. तुम्हाला हवंय ते असं की हा हिशेब नीट मांडायचा कसा.

दोन्ही गट फक्त पिक मोजतायत, पगार कुणीच धरत नाहीये. आणि पगार न धरता कॉर्नरच्या ट्रेडबद्दल बोलणं म्हणजे निम्मा हिशेब करून भांडत बसणं. आणखी दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांचं उत्तर कुठल्याही तक्त्यात नाही: घेणारी टीम आत्ता जिंकायच्या अवस्थेत आहे का, आणि तिचा डिफेन्स या खेळाडूला जे जमतं तेच करायला लावणार आहे का. माझं रोजचं काम कव्हरेज चार्टिंगचं (बचावपटू रिसिव्हरला कसा सांभाळतो ते प्रत्येक डावात टिपायचं) आणि करारांचे आकडे लावायचं, त्यामुळे या दोन्ही बाजूंनी सांगतो. थोडं लांबेल.

आधी पिक. लीगमध्ये अजूनही लोक ज्याच्या भाषेत बोलतात तो तक्ता नव्वदच्या दशकात जिमी जॉन्सनच्या डॅलस काउबॉइजनी बनवला. त्यात पहिल्या क्रमांकाच्या पिकला ३००० गुण, पाचव्याला १७००, तेराव्याला ११५०, सोळाव्याला १०००, पंचविसाव्याला ७२०, बत्तिसाव्याला ५९०. पुढच्या वर्षाचा पिक असेल तर रिवाजाने एक फेरी खाली धरतात, म्हणजे पुढल्या वर्षीचा फर्स्ट हा आजच्या सेकंडइतका. या तक्त्यात एक गोची आहे. पिक कितीला विकले जातात ते तो सांगतो, त्या पिकवर आलेली पोरं प्रत्यक्षात कशी खेळतात ते सांगत नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी दाखवून दिलं की वरच्या पिकना टीम्स अवाच्या सवा भाव देतात. म्हणून नंतरचे तक्ते बरेच चपटे आहेत, म्हणजे वरच्या आणि मधल्या पिकमधली दरी त्यांत लहान दिसते. तरी वाटाघाटीचा सूर कळायला जुना तक्ता पुरतो.

तो ताडून बघायला जेलन रॅमझीचा ट्रेड चांगला, कारण त्याची सगळी पानं आता उलटून झाली आहेत. ऑक्टोबर २०१९मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी जॅक्सनविल जॅग्वार्सना २०२० आणि २०२१चे फर्स्ट आणि २०२१चा चौथ्या फेरीचा पिक दिला. ते दोन फर्स्ट पुढे २०व्या आणि २५व्या क्रमांकावर आले. ८५० आणि ७२० मिळून १५७०, चौथ्या फेरीच्या शेवटाकडच्या पिकचे आणखी चाळीसेक. म्हणजे सहाव्या क्रमांकाच्या पिकइतका भाव. रॅमझी स्वतः २०१६मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडला गेला होता. साडेतीन हंगाम खेळून, ऑल-प्रो होऊन, तो जवळपास विकत घेतलेल्या भावातच विकला गेला, कारण वापरून झालेली ती साडेतीन वर्षं स्वस्त करारावरची होती आणि पुढची तशी नसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इथे पगार येतो, आणि खरा मुद्दा इथेच आहे.

पहिल्या फेरीतून आलेल्या पोराचा करार चार वर्षांचा, पाचव्या वर्षाचा पर्याय टीमच्या हातात. विसाव्या क्रमांकाच्या पिकला २०२०मध्ये चारही वर्षांचे मिळून १३ मिलियन डॉलरच्या आसपास मिळत होते. त्या पैशात तो चांगला निघाला तर टीमची चांदी: वीस मिलियनचं काम तीन मिलियनात. ड्राफ्ट पिकची खरी किंमत या फरकात असते. आता गार्डनर बघा. जुलै २०२५मध्येच जेट्सनी त्याच्याशी चार वर्षांची, १२०.४ मिलियनची करारवाढ केली, म्हणजे वर्षाला सरासरी ३०.१ मिलियन. कॉर्नरला त्याआधी एवढा पैसा कुणी दिला नव्हता. अशा खेळाडूत वरचा फरक उरतच नाही. तो तीस मिलियनचा आहे आणि तुम्ही तीस मिलियन देताय. मग दोन फर्स्ट कशाचे? जुन्या मुंबईतल्या पागडीसारखं आहे ते: आधी हक्काची रक्कम मोजायची, आणि घरात शिरल्यावर भाडं वेगळं.

नुसता डॉलरचा आकडा फसवा असतो, कारण सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारावरची लीगची मर्यादा) दरवर्षी फुगते. म्हणून सरासरी पगार त्या वर्षाच्या कॅपशी ताडायचा. २०१३ला डॅरेल रेव्हिसला टॅम्पा बेनी वर्षाला १६ मिलियन दिले तेव्हा कॅप १२३ मिलियन होती: १३ टक्के. २०२०ला रॅमझीचा पाच वर्षं १०० मिलियनचा करार झाला, कॅप १९८.२: दहा टक्के. २०२४ला डेन्व्हरचा पॅट्रिक सर्टन चार वर्षं ९६ मिलियनवर थांबला, कॅप २५५.४: साडेनऊच्या आत. २०२५ला कॅप २७९.२, ह्यूस्टनचा डेरेक स्टिंगली ३० मिलियन, गार्डनर ३०.१: पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 'कॉर्नरचे भाव आभाळाला भिडले' असं जे ओरडतात ते कॅपकडे बघत नाहीत. अव्वल कॉर्नरचा भाव पाच वर्षं दहाच्या आसपास फिरतोय. रेव्हिसचा तेरा टक्क्यांचा आकडा मात्र अजून कुणी गाठलेला नाही.

आता घेणाऱ्या टीमच्या बाजूची एक सवलत, जी चाहत्यांच्या भांडणात हमखास सुटते. साइनिंग बोनस खेळाडूला रोख मिळतो, पण कॅपवर तो जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून धरतात. समजा बोनस २० मिलियन, पाच वर्षांवर वाटला, वर्षाला चार. पहिल्याच हंगामात मध्येच ट्रेड झाला तर या वर्षीचे चार आणि पुढल्या वर्षी अंगावर येणारे उरलेले सोळा, सगळे जुन्या टीमच्या कॅपवर. हाच तो डेड मनी. नव्या टीमच्या वाट्याला फक्त मूळ पगार आणि पुढचे रोस्टर बोनस (टीममध्ये कायम राहिल्याबद्दलचे). शिवाय ट्रेड हंगामाच्या मध्यावर झाला तर त्या वर्षाच्या मूळ पगारातले उरलेले आठवडेच द्यायचे, अठरापैकी जेवढे शिल्लक तेवढेच हप्ते. म्हणून कोल्ट्सच्या वहीत गार्डनरची सरासरी ३०.१ पेक्षा कमी पडते. जुलैत करार, नोव्हेंबरात ट्रेड, हे चाहत्यांना विचित्र वाटतं, पण घेणाऱ्याला ते सोयीचं असतं: आधीच ठरलेला, २०३०पर्यंतचा करार हातात मिळतो आणि बोनसचा भार दुसऱ्याने उचललेला असतो. रॅम्सना रॅमझीच्या वेळी ही सोय नव्हती. २०२०नंतरचा करार त्यांना स्वतः करावा लागला, तोही पिक देऊन बसल्यावर. म्हणजे वाटाघाटीत सगळी पानं खेळाडूच्या हातात.

पैशाचं झालं, आता मैदान. कॉर्नर म्हणजे बाहेरच्या बाजूला रिसिव्हरला एकट्याने थोपवणारा गडी, हे तुम्हाला माहीत आहेच. पण त्याची लायकी आकड्यांवरून काढायला गेलात तर डिफेन्समधल्या इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त फसाल.

इंटरसेप्शन (समोरच्या टीमचा पास हवेतच पकडणं) आधी बाजूला ठेवा. गार्डनरने जेट्ससाठी २०२२ला दोन, २०२३ला शून्य आणि २०२४ला एक असे मिळून तीन बॉल पकडले, आणि त्यातल्या पहिल्या दोन्ही वर्षी तो फर्स्ट-टीम ऑल-प्रो होता. उलट डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्जने २०२१ला तब्बल अकरा पकडले आणि त्याच हंगामात चार्टिंगवाल्यांच्या मोजणीत हजाराहून जास्त यार्ड दिले. ज्याच्याकडे बॉल येतच नाही त्याला पकडायला मिळत नाही, एवढं साधं आहे ते.

मग 'किती टक्के पास पूर्ण होऊ दिले' हा आकडा? तोही कच्चा. बाहेरच्या कॉर्नरकडे ढोबळमानाने दर सहा-सात कव्हरेज स्नॅपमागे (एक स्नॅप म्हणजे एक डाव) एक पास येतो. हंगामात साडेपाचशे कव्हरेज स्नॅप धरले तर ८५च्या आसपास टार्गेट्स, म्हणजे त्याच्याकडे आलेले पास. त्यात ५५ टक्के देणारा कॉर्नर अव्वल म्हणायचा आणि ६२ टक्के देणारा सामान्य. ८५वर ७ टक्के म्हणजे सहा पास. सतरा सामन्यांत सहा पास! एक क्वार्टरबॅक (पास फेकणारा) वाऱ्यात चुकला, एका रिसिव्हरच्या हातातून बॉल निसटला, की सामान्य कॉर्नर कागदावर अव्वल. म्हणून कॉर्नरचे आकडे एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी एवढी उडी मारतात. माझा नियम: दोन पूर्ण हंगामांखालचा कुठलाही टार्गेटचा आकडा पुरावा म्हणून धरायचा नाही.

हे किती बेभरवशाचं असतं ते एकाच सामन्यात दिसतं. सुपर बोल ५६ (लीगचा अंतिम सामना), फेब्रुवारी २०२२, रॅम्स विरुद्ध बेंगाल्स. दुसऱ्या अर्ध्यातला पहिलाच स्नॅप: बेंगाल्सच्या जो बरोचा लांब पास, टी हिगिन्स, ७५ यार्ड, टचडाउन. कॉर्नर रॅमझी. रिप्ले बघा, बॉल हवेत असताना हिगिन्सचा हात रॅमझीच्या फेसमास्कवर आहे आणि रॅमझीची मान वळलेली आहे. फ्लॅग (पंचांची नियमभंगाची खूण) पडला नाही. आकड्यांत मात्र ७५ यार्ड रॅमझीच्या नावावर. आता शेवटाकडे या. रॅम्स २३-२० पुढे, बेंगाल्सचा फोर्थ अँड वन (चौथा, शेवटचा प्रयत्न, एक यार्ड हवा). बाहेर जमार चेस रॅमझीला मागे टाकून मोकळा सुटलाय, रॅमझी घसरून पडलाय. बरोला आणखी अर्धा सेकंद मिळाला असता तर सामन्याचं नाव बदललं असतं. पण मधून रॅम्सचा ॲरन डॉनल्ड घुसला, त्याने बरोला गरगर फिरवलं, बॉल कसाबसा बाहेर पडला आणि जमिनीवर आदळला. रॅमझीच्या नावावर या स्नॅपचं काहीच नाही. जी चूक त्याची नव्हती ती मोजली गेली, जी होती ती कुणाच्याच वहीत नाही.

म्हणून चार्टिंग टार्गेटचं करायचं नाही, स्नॅपचं करायचं, आणि टीव्हीच्या प्रक्षेपणावरून नाही तर बावीसही खेळाडू दिसणाऱ्या ऑल-२२ चित्रफितीवरून. प्रत्येक स्नॅपला मी एवढं टिपतो: डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला कितवा) आणि किती यार्ड हवेत, कॉर्नर रिसिव्हरच्या नाकासमोर प्रेसमध्ये उभा आहे की सात-आठ यार्ड मागे, आतल्या बाजूने दडपतोय की बाहेरच्या, वरून सेफ्टीची (सगळ्यात मागच्या बचावपटूची) मदत आहे का, रिसिव्हरने कुठला रूट (ठरलेला मार्ग) धावला, आणि बॉल सुटायच्या क्षणी दोघांत अंतर किती. बॉल त्याच्याकडे आला की नाही हा सगळ्यात शेवटचा रकाना. मग फक्त एक गठ्ठा वेगळा काढायचा: थर्ड डाउन, चार किंवा जास्त यार्ड हवेत, मॅन कव्हरेज (एकास एक), वरून मदत नाही. एका कॉर्नरचे असे स्नॅप हंगामाला फार नसतात, पण त्याला जास्तीचे पैसे मिळतात ते याच स्नॅपचे. झोनमध्ये (माणूस नाही, जागा सांभाळताना) सेफ्टीकडे रिसिव्हर सोपवून देणं चांगल्या कॉलेजमधल्या पोरालाही शिकवता येतं.

इथे घोळ कुठे होतो? झोनमध्ये बॉल पकडला गेला की जो जवळ दिसतो त्याच्या नावावर लागतो. कव्हर थ्रीमध्ये (मागचं मैदान तिघांत वाटलेल्या झोनमध्ये) कॉर्नर खोल तिसरा हिस्सा सांभाळतोय आणि त्याच्या पुढ्यात पाच यार्डांवर फ्लॅटमध्ये (कडेजवळच्या जागेत) पास झाला, तर चूक बहुधा लाइनबॅकरची (मधल्या फळीतल्याची) किंवा निकेलची (जादा घेतलेल्या पाचव्या बॅकची), पण नाव कॉर्नरचं. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत ते यामुळेच. तुमच्या मित्रांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकले असतील तर ते भांडण मिटणारं नाही.

फ्लॅगचा रकाना मात्र कधीच विसरायचा नाही. पाच यार्डांपुढचा बेकायदा संपर्क किंवा बचावातली होल्डिंग (रिसिव्हरला धरणं), दोन्हीला पाच यार्ड आणि वर आपोआप फर्स्ट डाउन (नवे चार प्रयत्न). पास इंटरफिअरन्स (पास झेलताना बेकायदा अडवणं) तर जिथे झाला तिथून बॉल, मग ते चाळीस यार्ड का असेनात. लांब हातांचे प्रेस कॉर्नर रिसिव्हर निसटतोय असं वाटलं की जर्सी धरतात. गार्डनर उंच आहे, हात लांब आहेत, आणि ही टीका त्याच्यावर न्यूयॉर्कमध्येच झाली होती. टार्गेटच्या आकड्यांत हे येत नाही. थर्ड अँड एटला होल्डिंग म्हणजे डिफेन्सने जिंकलेला डाव फुकट परत देणं, त्याला मी पकडल्या गेलेल्या पासइतकंच वजन देतो.

आता तो दुसरा परिस्थितीचा भाग: बाकीची सेकंडरी (कॉर्नर आणि सेफ्टींची फळी). कॉर्नरचं काम साखळीसारखं असतं, ऑफेन्स कायम सगळ्यात कच्ची कडी शोधतं. जेट्सचा २०२२ ते २०२४चा पास डिफेन्स आठवा. गार्डनर एका बाजूला, डी. जे. रीड दुसऱ्या बाजूला, स्लॉटमध्ये (आतल्या रिसिव्हरसमोर) मायकल कार्टर. बॉल टाकायचा कुठे हाच प्रश्न. २०२५ला रीड डेट्रॉइटला गेला आणि तोच गार्डनर असूनही चित्र पालटलं. आजचे डिफेन्स निम्म्याहून जास्त स्नॅप पाच डिफेन्सिव्ह बॅक घेऊन खेळतात, त्यामुळे तिसरा कॉर्नर हा नावालाच 'राखीव' राहिलाय. थोडक्यात, ज्या टीमकडे दुसरा आणि तिसरा कॉर्नर बरा आहे तिला पहिल्या कॉर्नरवर जास्त पैसे घालणं परवडतं. ज्या टीमकडे ते नाहीत तिने त्याच पैशात दोन मध्यम कॉर्नर आणावेत.

या कसोटीवर कोल्ट्सचा विचार वेडगळ नव्हता. त्यांच्याकडे मार्च २०२५मध्ये तीन वर्षं ६० मिलियनला आणलेला शारव्हेरियस वॉर्ड होता, स्लॉटमध्ये केनी मूर होता. डिफेन्स सांभाळणाऱ्या लू अनारुमोला वेगवेगळी सोंगं घ्यायला आवडतात, आणि त्यासाठी एका बाजूला मदतीशिवाय उभा राहणारा माणूस लागतो. ट्रेडच्या दिवशी त्यांचा रेकॉर्ड ७-२ (सात विजय, दोन पराभव). कागदावर जागा बरोबर, माणूस बरोबर, वेळ बरोबर.

फाटलं कुठे ते बघा. बर्लिनमधला फाल्कन्सचा सामना जिंकून कोल्ट्स ८-२ झाले आणि त्यानंतर एकही सामना जिंकले नाहीत. गार्डनरची पोटरी दुखावली, डिसेंबरात क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सचं अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटलं, हंगाम ८-९वर संपला. याचा ट्रेडच्या किमतीवर थेट परिणाम होतो, कारण पहिला पिक २०२६चा होता आणि त्याचा क्रमांक कोल्ट्सच्या स्वतःच्या निकालावर ठरणार होता. ७-२वर असताना तो अठ्ठावीस-तीसच्या घरातला दिसत होता, जुन्या तक्त्यावर साडेसहाशेच्या आसपास. प्लेऑफ (बाद फेरी) हुकल्यावर तोच मध्यावर, हजाराच्या आसपास आला. म्हणजे गार्डनर तोच, करार तोच, पण त्या पिकचा भाव दीडपट. याला गार्डनर जबाबदार नाही. पण 'दोन फर्स्ट' असं म्हणताना चाहते आणि कधीकधी टीम्सही शेवटचे दोन पिक डोळ्यांसमोर धरतात, ही चूक पक्की आहे. दुखापतीचं खापर फोडायचं नसेल तरी एक खरं: ज्या टीमचा क्वार्टरबॅक एक वर्षाच्या करारावर आहे तिने आपल्या पुढच्या दोन वर्षांच्या निकालांवर पैज लावताना पिक तरी राखून द्यायला हवे होते. अमुक क्रमांकाच्या वर आला तर त्या वर्षी न देता पुढच्या वर्षीचा द्यायचा, अशी अट कोल्ट्सना घालता आली असती.

आता रॅमझीची उरलेली साखळी, कारण दुसऱ्या विक्रीचा भाव हा पहिल्या खरेदीचा भाग असतो. रॅम्सना त्याने तीन हंगामांवर थोडं जास्त दिलं: २०२० आणि २०२१ला फर्स्ट-टीम ऑल-प्रो, २०२०ला यार्ड आणि गुण दोन्हींत लीगमधला पहिला डिफेन्स, आणि एक सुपर बोल. मार्च २०२३मध्ये, २८व्या वर्षी, त्यांनी त्याला मायामीला दिला तो फक्त तिसऱ्या फेरीचा ७७वा पिक आणि टाइट एंड हंटर लाँगच्या बदल्यात. वर दोन कोटी डॉलरच्या घरातला डेड मनी सोसला. १६०० गुणांना घेतलेला माल साडेतीन वर्षांत २०५ गुणांवर. तरी रॅम्सनी तो ७७वा पिक वापरून एज रशर बायरन यंग निवडला आणि तो लगेच पहिल्या फळीत खेळू लागला, म्हणजे शेपूटही वाया गेलं नाही. मायामीने सप्टेंबर २०२४ला रॅमझीला वर्षाला २४.१ मिलियनची करारवाढ दिली, दहाएक महिन्यांत त्याला पिट्सबर्गला पाठवला, आणि तिथे त्याच हंगामात तो कॉर्नर सोडून सेफ्टीच्या जागी खेळायला लागला. कॉर्नरचं वय असं ढळतं. अठ्ठावीस-तीसच्या दरम्यान कंबर वळायचा वेग थोडा कमी होतो, पुढे तोच खेळाडू हुशार असतो, बलवान असतो, पण एकट्याने धावणाऱ्याला गाठू शकत नाही. गार्डनर ट्रेडच्या वेळी २५चा होता, रॅमझीही २५ला काही दिवस कमी असतानाच रॅम्सकडे आला. तीन-साडेतीन चांगले हंगाम धरा. २०३०पर्यंतचा करार कागदावर आहे, त्यातली शेवटची दोन वर्षं हिशेबात धरू नका.

आणि जॅग्वार्सना काय मिळालं? विसाव्या पिकवर के'लेव्हन चेसन, ज्याच्या पाचव्या वर्षाचा पर्याय त्यांनी घेतलाच नाही. पंचविसाव्यावर रनिंग बॅक ट्रॅव्हिस एटियेन, ज्याचा पहिला हंगाम पायाच्या दुखापतीत गेला आणि पुढे दोन वर्षं त्याने हजारावर यार्ड काढले. चांगला खेळाडू, पण दोन फर्स्टमधून एक चांगला रनिंग बॅक हे काही घबाड नव्हे. 'पिक' या शब्दाला चाहते घाबरतात ते त्यातून कोण आलं याचा हिशेब न ठेवल्यामुळे.

रेव्हिसचा ट्रेड उलट्या बाजूने शिकवतो. एप्रिल २०१३, गुडघ्याचं एसीएल तुटून सात महिनेच झालेले. टॅम्पा बेने जेट्सना १३वा पिक आणि पुढच्या वर्षीचा सशर्त पिक दिला, सहा वर्षं ९६ मिलियनचा करार केला, पण हमीचा एकही डॉलर नाही. मग जगातल्या सगळ्यात भारी मॅन कॉर्नरला वारंवार झोनमध्ये उभा केला. टीम ४-१२. प्रशिक्षक बदलला, नव्याची पद्धत आणखी झोनची, आणि मार्च २०१४ला त्याला सोडून दिलं, शून्य डेड मनीवर. करार लिहिणाऱ्याने काम चोख केलं होतं, डावपेच आखणाऱ्यांनी नाही. रेव्हिस लगेच न्यू इंग्लंडला गेला आणि त्याच हंगामात सुपर बोल जिंकला. तेव्हा कुठलाही कॉर्नर घेताना पहिला प्रश्न: गेल्या दोन वर्षांत तुमचा डिफेन्स किती टक्के मॅन खेळला, आणि हा माणूस आल्यावर तो आकडा खरंच बदलणार आहे का? उत्तर 'बघू' असेल तर तिसऱ्या फेरीपेक्षा जास्त देऊ नये.

तिसऱ्या फेरीचा बाजारही जोखमीचाच असतो. न्यू ऑर्लिन्सने नोव्हेंबर २०२४ला २८ वर्षांचा मार्शन लॅटिमोर वॉशिंग्टनला दिला, तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या फेरीच्या पिकवर, वर स्वतःचा पाचव्या फेरीचा एक पिक घालून. हॅमस्ट्रिंगने त्याला त्या वर्षी नियमित हंगामात दोनच सामने खेळू दिले, पुढच्या वर्षी एसीएल तुटलं. वैद्यकीय तपासणी पास झाल्याशिवाय ट्रेड पक्का होत नाही, पण तपासणीत आजचा गुडघा दिसतो, धावणाऱ्या माणसाच्या मांडीचा पुढच्या डिसेंबरातला कल नाही.

माझा निवाडा विचारलात तर: गार्डनरचा करार बाजारभावाचा आहे, बोनसची सवलत धरता किंचित खाली. म्हणून एक फर्स्ट आणि मिचेल, किंवा एक फर्स्ट आणि एक सेकंड, हा मला योग्य भाव वाटतो. दुसरा फर्स्ट कोल्ट्सनी दिला तो मुदतीच्या दिवसाच्या घाईचा आणि ७-२च्या उन्मादाचा. लूट नाही, पण वीसेक टक्के महाग नक्की. रॅम्सनीही एवढंच मोजलं होतं आणि त्यांना अंगठी, म्हणजे विजेतेपद, मिळाली. अंगठी मिळाली की किमतीबद्दल कुणी विचारत नाही, हा या धंद्यातला अन्याय आहे.

जेट्सची बाजू तुम्ही विचारली नाहीत, पण तुम्ही त्यांचे चाहते असल्याने सांगतो. त्यांनी त्याच दिवशी क्विनन विल्यम्सही काउबॉइजला दिला आणि २०२७चा आणखी एक फर्स्ट मिळवला. हरणाऱ्या टीमला तीस मिलियनचा कॉर्नर हा शोभेचा खर्च, तेव्हा विकणं बरोबरच. मिचेलला फुकटचा समजू नका. २०२४ला ५२व्या क्रमांकावर निवडलेला, वेगवान, स्वस्त करारावर अजून दोनेक वर्षं बाकी. रॅम्सविरुद्ध गोल लाइनच्या आधीच बॉल हातातून सोडून टचडाउन घालवल्यामुळे कोल्ट्सच्या मनातून उतरलेला. असे खेळाडू दुसऱ्या टीमकडे गेल्यावर कधीकधी फुलतात. आणि २०२७चा तो पिक कोल्ट्सच्या २०२६च्या निकालांवर ठरणार असल्यामुळे त्या हंगामात तुम्हाला दर रविवारी दोन स्कोअर बघावे लागतील, त्यातला एक कोल्ट्स हरावेत म्हणून.